वाचकांचे प्रश्न : अंगणाच्या काँक्रीटला सीलर कोणता लावावा आणि केव्हा

पाऊस ओसरला की मराठवाड्यातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये अंगणाच्या, गेटपासून पोर्चपर्यंतच्या रस्त्याच्या आणि मागच्या ओट्याच्या काँक्रीटविषयीचे प्रश्न एकदम वाढतात, कारण चार महिने पाणी अंगावर घेतल्यावरच त्या कामाचे खरे रूप दिसू लागते. या अंकासाठी पाच पत्रे निवडली आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन पत्रांची उत्तरे लांबली आहेत. इतरांच्या बऱ्याचशा शंकांचे मूळही त्याच दोन पत्रांत आहे.

प्रश्न : एप्रिलच्या अखेरीस आम्ही गेटपासून पोर्चपर्यंत १२ फूट रुंद, ४० फूट लांब आणि ४ इंच जाडीचे काँक्रीट केले. मिस्त्रींनी शेवटी वरून कोरडे सिमेंट भुरभुरून घोटाई केली आणि आम्ही आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. आता झाडले की दर वेळी राखाडी धूळ निघते. रंगाच्या दुकानदारांनी चकचकीत ॲक्रिलिक कोटिंग सुचवले आहे, तर नात्यातले एक इंजिनिअर सिलेन-सिलोक्सेन लावा म्हणतात. एका डब्यावर बर्फ आणि मीठ यांपासून संरक्षण मिळते असेही छापलेले होते. आम्ही नेमके काय लावावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपण धुळीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण सीलर निवडण्याआधी त्या धुळीचा निकाल लावावा लागतो. लातूरच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, वारा कोरडा असतो आणि दिवसातून दोनदा मारलेले पाणी अर्ध्या तासात उडून जाते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होते. मधल्या काळात वरचा थर कोरडा पडला की त्या थरातला संयोग तिथेच थांबतो. त्यात घोटाईच्या वेळी वर आलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरले, की वर एक पातळ, अशक्त पापुद्रा तयार होतो. आपल्या झाडूला येणारी राखाडी धूळ म्हणजे तो पापुद्रा होय.

एक साधी पारख करून पाहावी. जाड खिळा घेऊन चार-पाच ठिकाणी मध्यम जोराने रेघ ओढावी. पांढरट ओरखडा उठून खिळा घसरत गेला तर पृष्ठभाग बऱ्यापैकी सशक्त आहे. खिळ्याने चर पडून वाळू मोकळी होत असेल तर तो थर घासून काढल्याशिवाय वर कोणतेही द्रव्य लावणे म्हणजे पैसे त्या धुळीबरोबरच केरात जाणे आहे. पहिल्या अवस्थेत लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचे घट्टीकरण करणारे द्रावण उपयोगी पडते, कारण ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून सिमेंटच्या मूळ बंधनकारक पदार्थासारखाच पदार्थ छिद्रांमध्ये तयार करते आणि धूळ आटोक्यात येते. मात्र सिलिकेट पाणी परतवत नाही. ते काम सिलेन-सिलोक्सेनचे आहे, आणि दोन्ही करायचे असल्यास सिलिकेट आधी लावावे लागते. एकदा पृष्ठभाग पाणी झिडकारू लागला की पाण्यात मिसळलेले सिलिकेट आत शिरतच नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. बाजारात सीलर या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या जातींची द्रव्ये विकली जातात. ॲक्रिलिक, इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन ही वर थर धरणारी. त्यांची चकाकी दिसते आणि ती झिजते तेही दिसते. सिलेन आणि सिलोक्सेन ही आत मुरणारी; ती छिद्रांच्या भिंतींना अस्तर लावल्यासारखी चिकटतात, त्यामुळे पाणी शोषले जात नाही, पण छिद्रे बुजत नसल्याने खालून येणाऱ्या वाफेला बाहेर पडायला वाट राहते. मराठवाड्यात माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या जातीला आहे. आपल्याकडे काँक्रीटवर वरून उन्हाचा आणि खालून काळ्या मातीतल्या ओलीचा असा दोन्ही बाजूंनी मारा असतो, आणि वर बंद थर केला की खालची ओल त्याला ढकलू लागते. इपॉक्सी तर उघड्या अंगणात मुळीच लावू नये, कारण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते आणि पिठाळते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. परभणीला माझ्या स्वतःच्या अंगणात एका ठेकेदाराने मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता, ॲक्रिलिकचे जाड कोटिंग रोलरने मारले होते आणि मी शेजारी उभा राहून ते होऊ दिले होते. तापलेल्या काँक्रीटमधली हवा फुगून वर आली, वरचे द्रावण तेवढ्यात सुकले, आणि संध्याकाळपर्यंत तव्यावरच्या भाकरीला येतात तसे शेकडो बारीक फोड पूर्ण पृष्ठभागावर आले. पुढच्या पावसाळ्यात त्यातला एक पोपडा मी नखाने उचलला, तर खाली बोटाला ओल लागली आणि पोपड्याच्या पाठीला राखाडी सिमेंटची पूड चिकटून आली होती. कोटिंग निघाले ते काँक्रीटची साल घेऊन निघाले. त्या अंगणाचे जवळजवळ ५०० चौरस फूट पुढे मशिनने घासून घ्यावे लागले.

डब्यावरच्या बर्फाविषयी आपण विचारलेत. थंड देशांत छिद्रांमधले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि काँक्रीटची साल उडवते. बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ त्यात भर घालते. तिथे ड्राइव्हवे सील करण्यामागे ते मोठे कारण असते. लातूरला तो प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून त्या मजकुरासाठी जास्त किंमत मोजू नये. डब्यावर आपण पाहायचे ते एवढेच, की त्यात सिलेन-सिलोक्सेनचे प्रमाण किती टक्के आहे, ते उघड्यावरच्या काँक्रीटसाठी आहे का आणि ते वाफ जाऊ देते का.

लावण्याचा हंगाम आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत टिकतो. नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे झालेले असावे. आपले तर सहा महिन्यांचे आहे. आधी कोरडा ब्रश मारून मग धुऊन घ्यावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळले की नाही हे डोळ्यांवर सोडू नये. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक रात्र ठेवावे. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट काळपटले तर अजून थांबावे. सिलेन-सिलोक्सेन कमी दाबाच्या फवारणी पंपाने पृष्ठभाग भिजेल इतके मारावे, पण डबके साचू देऊ नये, आणि साचलेच तर लगेच ब्रशने पसरवावे. शेतातला फवारणीचा पंप मात्र वापरू नये. टाकीत औषधाचा अंश राहिलेला असतो आणि सॉल्व्हंटमुळे त्याचे वायसरही खराब होते. काम करताना हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच, आणि सॉल्व्हंटवर आधारित द्रव्य असेल तर आसपास विडी-सिगारेटही पेटू नये.

आपले क्षेत्र ४८० चौरस फूट भरते. एका लिटरमध्ये किती फूट होईल हे काँक्रीट किती पिते यावर ठरते, म्हणून आधी एका कोपऱ्यात एक चौरस मीटरवर करून पाहावे आणि मगच डबे आणावेत. पुढे दर वर्षी मृगाच्या आधी अंगणावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. अळूच्या पानावर थरथरावेत तसे थेंब पहिल्या वर्षानंतर दिसेनासे होतात, कारण अगदी वरचे अस्तर उन्हाने जाते. तेवढ्याने सीलर संपला असे समजू नये. पाणी पडताच मिनिटभरात काँक्रीट काळपटू लागले, म्हणजे ते पाणी पिऊ लागले, की पुन्हा लावावे. चांगल्या प्रतीचे मुरणारे सीलर साधारण पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ काम देते, ॲक्रिलिकला मात्र दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. आपल्या वाडवडिलांनी माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती पसरण्याचे काम कधी एकदाच करून सोडून दिले नव्हते. हे कामही त्याच जातीचे आहे.

प्रश्न : आमचा प्लॉट पूर्वीच्या कापसाच्या रानातला आहे. तीन वर्षांपूर्वी मुरूम टाकून अंगणात काँक्रीट केले. उन्हाळ्यात मधोमध लांब भेग उघडते आणि पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते. दोनदा सिमेंट भरले, दोन्ही वेळा ते निघाले. सीलर लावल्यास भेग थांबेल का?
— एक वाचक, मानवत, जि. परभणी

उत्तर : थांबणार नाही, आणि हे आपल्याला आधीच स्पष्टपणे सांगणे मला गरजेचे वाटते, कारण अशा भेगांवर महागडे सीलर मारून निराश झालेली बरीच घरे मी पाहिली आहेत. सीलर पाणी अडवतो. जमिनीची हालचाल अडवणे त्याच्या आवाक्यात नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी घेतले की फुगते आणि पाणी गेले की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात आपल्या रानांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती आपल्या अंगणाखाली आहे. पावसाळ्यात काँक्रीटच्या कडेची माती आधी भिजून फुगते, मधली कोरडीच राहते. उन्हाळ्यात कडेची आधी वाळते आणि खचते. या खाली-वर होण्यात चार इंचांची लादी तिच्या सर्वांत अशक्त रेषेवर तुटते.

ती रेषा आपण ठरवून दिली असती तर बरे झाले असते. चार इंच जाडीच्या काँक्रीटला दर ८ ते १० फुटांवर, जाडीच्या किमान पाव भाग म्हणजे इंचभर खोलीचा सांधा कापावा लागतो, आणि तो उन्हाळ्यात त्याच दिवशी कापावा लागतो. दुसऱ्या दिवशी मशिन येईपर्यंत काँक्रीट आपल्या मर्जीने तडकून मोकळे होते. आपल्या पत्रात सांध्यांचा उल्लेख नाही, त्यामुळे ते नसावेत असे मी धरून चालतो.

आता आहे त्या भेगेचे काय करायचे ते सांगतो. आधी तिची नोंद ठेवावी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, तीन ठिकाणी स्टीलच्या पट्टीने रुंदी मोजून वहीत टिपावी, आणि दर महिन्याला तेच करावे. त्याच वेळी पट्टी आडवी टेकवून दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का तेही पाहावे. एक बाजू दुसरीपेक्षा वर उचललेली असेल, तर भरून काही साधणार नाही. तेवढा तुकडा काढून, खालची काळी माती उपसून, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने दाबत भरावा लागेल. नुसता टोपलीने पसरलेला मुरूम म्हणजे भरणी नव्हे.

दोन्ही बाजू समपातळीत असतील तर मात्र भेग भरता येते, पण सिमेंटने नव्हे. सिमेंट कडक असते. उन्हाळ्यात भेग रुंदावली की ते एका कडेला सोडते आणि पावसाळ्यात मिटताना चुरडते, आणि आपल्याकडे दोन्ही वेळा हेच घडले असणार. भेग ग्राइंडरने सारखी करून, आतली माती ब्लोअरने उडवून, तळाशी फोमची गोल दोरी दाबावी आणि वर लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरावे. त्याची खोली रुंदीच्या साधारण निम्मी असावी. गच्च खोलवर भरलेले सीलंट ताणले जात नाही, तुटते. भरण्यासाठी डिसेंबर-जानेवारी योग्य, कारण तेव्हा भेग ना पूर्ण उघडलेली असते ना पूर्ण मिटलेली.

आणि एक काम यापेक्षाही महत्त्वाचे आहे, ज्याला खर्च जवळपास नाही. गच्चीचा पाइप अंगणाच्या कडेला सुटतो का ते आजच पाहावे. कडेला लावलेल्या झाडांना रोज पाइपने पाणी सोडले जाते का तेही पाहावे. कडेच्या मातीची ओल वर्षभर जितकी एकसारखी राहील तितकी ती कमी हलेल, म्हणून गच्चीचे पाणी नाळीने दूर न्यावे आणि काँक्रीटला घरापासून बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंचाच्या आसपास उतार असावा. हे सर्व झाल्यावर सिलेन-सिलोक्सेन मारावे. तेव्हा त्याचा खरोखर उपयोग होईल.

प्रश्न : मागच्या दारी बसण्यासाठी १५ बाय १० फुटांचा काँक्रीटचा ओटा आहे. मागील वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यावर चकचकीत कोटिंग केले. पावसाळ्यात ते दुधाळ झाले आणि ओले असताना इतके निसरडे होते की माझे सासरे, वय ७८, दोनदा घसरता घसरता वाचले. कडेला पांढरी पूडही येते. ती धुतली की जाते आणि पुन्हा येते.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्या ओट्यावर सासऱ्यांच्या वावराच्या वाटेवर खरखरीत पायपुसणे किंवा काथ्याची चटई टाकावी आणि भिंतीला धरायला एक दांडा बसवून घ्यावा, बाकी सारे नंतर. गुळगुळीत थर धरणारे कोणतेही कोटिंग ओले झाले की निसरडे होतेच, आणि ज्या घरात वयस्कर माणसे आहेत तिथे ते बारीक क्वार्ट्झची वाळू मिसळल्याशिवाय लावायलाच नको होते. लावणाऱ्यांनी हे सांगायला हवे होते.

दुधाळपणाचे कारण ओल आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात हवा दमट झालेली असते, काँक्रीटमध्येही ओल असते, आणि ती कोटिंगखाली अडकली की थर पांढुरका होतो. आता तो कोरड्या हवेत पुरता वाळू द्यावा. दुधाळपणा हलका असेल आणि कोटिंग सॉल्व्हंटचे असेल, तर माहीतगार माणसाकडून त्याच सॉल्व्हंटचा पातळ हात फिरवून थर मऊ करून घेतल्यावर अडकलेली ओल निघून जाते; पण आपल्या बाबतीत मी ते कोटिंग पूर्ण काढून टाकण्याचाच सल्ला देईन, कारण ते पुन्हा चकचकीत झाले तरी निसरडे राहणारच.

कडेची पांढरी पूड म्हणजे लोणा. काँक्रीटमधला चुना आणि मातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडते, क्षार मागे राहतात. ती धुऊ नये. पाण्यात विरघळणारे क्षार धुताना पुन्हा आतच मुरतात. ओटा ठणठणीत वाळलेला असताना कडक कोरड्या ब्रशने झाडून ती पूड उचलून बाहेर टाकावी, आणि असे तीन-चार वेळा करावे. ओल कुठून येते तेही शोधावे. ओट्याला लागून धुण्याचा दगड किंवा कुंड्या असतील तर त्या हलवाव्यात. कोटिंग निघाल्यावर आणि लोणा थांबल्यावर मुरणारे सीलर लावावे. त्याने खरखरीतपणा जात नाही.

प्रश्न : आमच्याकडे टँकरवर दिवस काढावे लागतात. नव्या काँक्रीटला पाणी मारण्याऐवजी लगेच सीलर मारले तर चालेल का?
— एक वाचक, भूम, जि. धाराशिव

उत्तर : आपली अडचण मी समजू शकतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात अंगणावर पाणी ओतायला हात धजावत नाही. परंतु सिलेन-सिलोक्सेन ताज्या काँक्रीटवर क्युरिंगचे, म्हणजे ते ओले राखून घट्ट होऊ देण्याचे, काम करत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओले राहायला हवे, आणि हल्ली सर्रास मिळणारे फ्लाय अ‍ॅश मिसळलेले पीपीसी सिमेंट असेल तर ते १४ दिवसांपर्यंत वाढवावे. कमी पाण्यात ते साधायचे असेल तर काँक्रीट घट्ट होताच ओले तरट अंथरावे, त्यावर जाड प्लास्टिक ताणून कडांना वाळूचा बंध द्यावा; मग दिवसाला दोन-चार घागरींत भागते. शक्य असल्यास काम ऐन उन्हाळ्यातून हलवून नोव्हेंबर-डिसेंबरला घ्यावे.

फवारण्याचे क्युरिंग कंपाउंडही मिळते आणि टंचाईत ते उपयोगी आहे, पण मेणाचे कंपाउंड मारले तर पुढे त्यावर सीलर मुरणार नाही, ते आधी घासून काढावे लागेल. घेतानाच दुकानात विचारून घ्यावे.

प्रश्न : अंगणात ट्रॅक्टर उभा असतो, तेलाचे डाग ॲसिडने धुतो. खतांच्या गोण्याही तिथेच ठेवतो आणि त्या जागचे काँक्रीट खरबरीत झाले आहे. सीलर कोणता घ्यावा?
— एक वाचक, अंबड, जि. जालना

उत्तर : ॲसिड आजपासून बंद करावे. ते तेल विरघळवत नाही, सिमेंट खाते; डाग गेल्यासारखा वाटतो तो वरची साल गेल्यामुळे. तेल सांडताच लाकडाचा भुसा किंवा चुलीतली थंड राख टाकून दाबावी, दुसऱ्या दिवशी उचलावी आणि उरलेला डाग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने घासावा. साध्या सिलेन-सिलोक्सेनने तेल अडत नाही; तेलही परतवणारे मुरणारे सीलर वेगळे मिळते, ते मागावे आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाखाली पत्र्याची परात ठेवावी.

गोण्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट असलेली खते ओल लागली की काँक्रीटमधल्या चुन्यावर हल्ला करतात आणि त्याला आतून पोकळ करत जातात; यावर अंगणात मारायचा कोणताही सीलर फार काळ पुरत नाही. जमिनीपासून चार-सहा इंच उंच लाकडी फळ्यांचा माचा करून त्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि गोण्या पावसाच्या झडीपासून दूर, पडवीच्या आत ठेवाव्यात. खरबरीत झालेल्या जागेवर खिळ्याची पारख करावी. दोन-तीन मिलिमीटरच गेले असतील तर धुऊन, वाळवून सिलिकेट लावता येईल, आणि खडी उघडी पडली असेल तर तेवढा भाग कापून काढून नवा करावा.